स्क्रीन रीडरवर मराठी अभ्यास: आधी फाईल तपासा, मग सॉफ्टवेअरला बोल लावा

"एनव्हीडीए मराठी वाचतच नाही." जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांत दृष्टिहीन विद्यार्थ्यांकडून ही तक्रार सारखी ऐकू येते. एनव्हीडीए म्हणजे स्क्रीन रीडर, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर निर्दोष असते. एक तर आवाज चुकीचा निवडलेला असतो, नाही तर समोरची फाईल म्हणजे नुसते चित्र असते, नाही तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असतो. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत आणि ते क्रमाने करायचे असतात. आपल्याकडे उलटे चालते. आधी नवे सॉफ्टवेअर, मग कुणी सुचवलेले अ‍ॅप, आणि परीक्षा चार दिवसांवर आली की कळते की सगळ्या नोट्स मोबाईलवर काढलेले फोटो आहेत.

हा लेख कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत मराठी माध्यमातून बी.ए., एम.ए. करणाऱ्यांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्या वर्गमित्रांसाठी, ग्रंथपालांसाठी आहे. एनव्हीडीए फुकट मिळते, म्हणून त्याचाच क्रम दिला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर असेल तर कळा थोड्या बदलतील, क्रम हाच.

टप्पा १: सत्र सुरू होण्याआधीची जमवाजमव

प्रवेश झाला की पहिल्या आठवड्यातच ही कामे उरका.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि प्रत्येक विषयाची पुस्तकयादी लेखक, प्रकाशक व आवृत्तीसह एका फाईलमध्ये लिहा. आवृत्ती महत्त्वाची आहे. पान क्रमांक जुळले नाहीत तर वर्गात सर "पान ऐंशी उघडा" म्हणतात आणि आपण भलतीकडेच असतो.

यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र) आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र स्कॅन करून मेलमध्ये ठेवा. सुगम्य पुस्तकालय आणि बुकशेअर या दोन्ही ऑनलाइन सुगम ग्रंथालयांच्या सभासदत्वाला हा पुरावा लागतो. सुगम्य पुस्तकालय २०१६ पासून चालू आहे. यादीतले पुस्तक आधी तिथे शोधा. दुसऱ्या कुणी ते आधीच तयार केलेले असेल तर स्कॅनिंगचे आठवडे वाचतात.

प्राध्यापकांकडे नोट्स मागताना नुसते "सॉफ्ट कॉपी द्या" म्हणू नका. असे सांगा: "सर, पीडीएफ नको. ज्यात टाईप केलंय ती मूळ वर्ड फाईल द्या." कॉपीराइटची शंका निघाली तर २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ५२(१)(झेडबी) चा उल्लेख करा. अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून पुस्तक सुगम स्वरूपात आणणे आणि खासगी वापर, शिक्षण किंवा संशोधनासाठी तशी प्रत देणे हे कायद्याने कॉपीराइटचा भंग ठरत नाही, मात्र त्यात नफा कमवायचा नाही. तरीही ती फाईल वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. सवलत तुमच्यासाठी आहे, सगळ्या वर्गासाठी नाही.

वस्तूंपैकी विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप, वायरचा हेडफोन आणि एक पेन ड्राइव्ह इतके पुरे. लॅपटॉप नसेल तर पेन ड्राइव्हवर एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत करून लॅबमध्ये वापरता येते. लॅबप्रमुखांची परवानगी आधी घ्या, नाही तर अँटिव्हायरस ऐनवेळी आडवा येतो.

> सावधान: लॅबचे संगणक अजून विंडोज ७ वर असतील तर एनव्हीडीएची ताजी आवृत्ती त्यावर चालणार नाही. विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका २०२३.३ आहे, तीच ठेवा.

टप्पा २: बसवणे आणि आवाज लावणे

एनव्हीडीए ते बनवणाऱ्या एनव्ही अ‍ॅक्सेसच्याच संकेतस्थळावरून घ्या. पहिल्यांदा सुरू झाल्यावर स्वागताची खिडकी येते. त्यात कॅप्स लॉकला एनव्हीडीएची कळ म्हणून वापरण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. बऱ्याच लॅपटॉपवर इन्सर्ट कळ कोपऱ्यात लपलेली असते किंवा दुसऱ्या कळीबरोबर दाबावी लागते. यापुढे 'इन्सर्ट' लिहिले असेल तिथे कॅप्स लॉकही चालेल.

आता बहुतेकांचा घोळ होतो ती जागा. विंडोज १० पासून एनव्हीडीए सुरुवातीला विंडोजचाच आवाज घेते आणि तो इंग्रजीचा असतो. देवनागरी मजकूर आला की हा आवाज चक्क गप्प बसतो. ना चूक सांगतो, ना अडखळतो. विद्यार्थ्याला वाटते फाईल कोरी आहे. म्हणून:

१. कंट्रोल + इन्सर्ट + एस दाबा आणि सिंथेसायझरच्या (आवाज तयार करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीतून ईस्पीक एनजी निवडा. ते एनव्हीडीएसोबतच येते.
२. कंट्रोल + इन्सर्ट + व्ही ने स्पीचच्या सेटिंग उघडा. व्हॉइसच्या यादीत मराठी निवडा.
३. वेग सुरुवातीला कमी ठेवा.
४. कंट्रोल + इन्सर्ट + सी ने सगळे जतन करा.

ईस्पीकचा आवाज यंत्राचाच वाटतो आणि पहिल्या दिवशी डोके उठते. मग मुले विंडोजचा हिंदी आवाज, हेमंत किंवा कल्पना, उतरवून घेतात. तो ऐकायला गोड आहे, पण तो मराठी मजकूर हिंदीच्या नियमांनी वाचतो. '२५' लिहिलेले असेल तर 'पच्चीस' म्हणतो आणि 'चमचा'तला च हिंदी वळणाने उच्चारतो. गोष्ट किंवा बातमी ऐकायला हरकत नाही. पाठ्यपुस्तकासाठी ईस्पीकच बरा, कारण तो चिडचिड करायला लावतो पण लिहिलेले ते वाचतो. दोन आठवडे रोज तासभर ऐकला की कान बसतो, मग वेग थोडाथोडा वाढवा.

> तपासा: नोटपॅडमध्ये कुणाकडून "इ.स. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले" हे वाक्य टाईप करून घ्या. आकड्यासकट ते मराठीत ऐकू आले तरच पुढे चला.

ज्यांना थोडे दिसते त्यांनी विंडोजचा मॅग्निफायर जोडीला वापरावा. विंडोज + अधिकने सुरू, विंडोज + एस्केपने बंद. पण दिसते म्हणून डोळ्यांवरच सगळा भार टाकू नका. लांबलचक वाचन कानाने आणि आकृती डोळ्याने, अशी वाटणी करा.

टप्पा ३: कळा, पण सगळ्या नकोत

शंभर शॉर्टकटची यादी पाठ करणारे पहिल्या महिन्यातच कंटाळतात. सुरुवातीला एवढे पुरते:

- इन्सर्ट + १: कळ-मदत. ही चालू असताना कोणतीही कळ दाबा, तिचे काम ऐकू येते पण घडत नाही. पुन्हा दाबले की बंद.
- इन्सर्ट + टी: आपण कोणत्या खिडकीत आहोत.
- इन्सर्ट + खालचा बाण: इथून पुढे सगळे वाच. लॅपटॉपची मांडणी निवडली असेल तर इन्सर्ट + ए.
- कंट्रोल: गप्प बस.
- इन्सर्ट + एफ: कर्सरखालच्या मजकुराचा फॉन्ट आणि आकार.
- इन्सर्ट + एफ७: पानावरचे दुवे आणि शीर्षके यांची यादी.
- इन्सर्ट + स्पेस: वाचण्याची आणि लिहिण्याची अवस्था बदलणे.

शेवटची कळ ऑनलाइन अर्ज भरताना हमखास अडते. चौकटीत नाव लिहायला गेलात आणि अक्षर उमटण्याऐवजी कर्सर पानभर उड्या मारू लागला, तर तुम्ही वाचण्याच्या अवस्थेत आहात.

डोळस मित्र मदतीला बसला असेल तर एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतून स्पीच व्ह्यूअर लावा. तुम्हाला जे ऐकू येते ते त्याला पडद्यावर लिहिलेले दिसते. "नाही रे, मला तर वेगळंच ऐकू येतंय" हा वाद तिथेच मिटतो.

टप्पा ४: फाईलची परीक्षा

हा टप्पा वगळला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. नोट्सची कोणतीही फाईल हाती आली की ती वाचायला घेण्याआधी हे करा:

१. फाईल उघडा, कंट्रोल + ए आणि मग कंट्रोल + सी दाबा.
२. कोरे नोटपॅड उघडून कंट्रोल + व्ही दाबा.
३. वर जाऊन ऐका.

काहीच आले नाही तर फाईल म्हणजे चित्र आहे, स्कॅन केलेली पाने किंवा फोटो. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी ऐकू आली तर मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबीटीटीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. मराठी आले पण काना-वेलांटी इकडेतिकडे झालेली, जोडाक्षरे फुटलेली, तर मजकूर युनिकोडच (मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत) आहे, फक्त पीडीएफ बनताना बिघडला आहे. सगळे सुरळीत ऐकू आले तर सरळ टप्पा ६ कडे जा.

दुसऱ्या प्रकारात सगळ्यात जास्त वाद होतात. टाईप करणारा म्हणतो, "मला तर स्वच्छ मराठी दिसतंय." त्याचे खरे आहे. जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्यावर फक्त मराठीचा मुखवटा चढवतो. डोळ्याला मुखवटा दिसतो. स्क्रीन रीडर पोटातले वाचतो.

> सावधान: अशी फाईल निवडून फॉन्ट 'मंगल' केला की झाले, असे अनेक टायपिंग सेंटरवाले छातीठोकपणे सांगतात. तसे होत नाही. मुखवटा निघतो आणि मग डोळसांनाही खिचडीच दिसते.

टप्पा ५: ज्याचा त्याचा इलाज

चित्राची फाईल. एनव्हीडीएत इन्सर्ट + आर दाबले की पडद्यावरच्या चित्रातली अक्षरे ओळखण्याची सोय आहे. ती विंडोजच्या ओसीआरवर (अक्षरओळखीवर) चालते. इंग्रजी पानाला कामाची आहे, मराठीसाठी तिच्यावर वेळ घालवू नका. मराठीला गूगल ड्राइव्ह सोपे पडते. फाईल ड्राइव्हवर चढवा, तिच्यावर शिफ्ट + एफ१० दाबा, 'ओपन विथ'मधून गूगल डॉक्स निवडा. काही वेळाने मजकूर असलेली नवी फाईल उघडते, ती वर्डमध्ये उतरवून घ्या. गूगलच्याच सूचनेप्रमाणे फाईल २ एमबीच्या आत असावी, तेव्हा आख्खे पुस्तक एकदम देऊ नका, पाठाचेही तुकडे करा.

ओसीआर किती चांगले निघेल हे नव्वद टक्के स्कॅनवर ठरते. ग्रंथालयात स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय ठेवायला सांगा. मोबाईलनेच फोटो काढायचे असतील तर काढणाऱ्याला हे बजावा: एका फोटोत एकच पान, पुस्तक सपाट दाबलेले, सावली पडणार नाही असा उजेड. दोन पाने एकत्र घेतली तर कधी कधी डाव्या पानाची ओळ उजव्या पानाच्या ओळीला जाऊन चिकटते आणि ऐकताना डोके गरगरते. आणखी एक, हे सगळ्यात जास्त चुकते: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले पान दाबले जाते, बारीक अनुस्वार पुसले जातात. तेच पान 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

जुना फॉन्ट. इन्सर्ट + एफ ने फॉन्टचे नेमके नाव ऐका आणि लिहून ठेवा. फॉन्टगणिक अक्षरांची जागा वेगळी असते, म्हणून त्याच फॉन्टसाठी बनवलेला युनिकोड कन्व्हर्टर लागतो. आधी एकच परिच्छेद बदलून ऐका. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार या दोन ठिकाणी कन्व्हर्टर घसरतात, कारण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार नंतर. 'वर्ष', 'स्थिती', 'आर्थिक' हे शब्द नीट आले तर बाकीचेही बहुधा नीट येतील.

बिघडलेली पीडीएफ. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. मूळ वर्ड फाईल मागा. ती नसेलच तर पीडीएफला चित्र समजून ओसीआर करा, ते लवकर होते.

> तपासा: निघालेल्या मजकुराची पहिली दोन, मधली दोन आणि शेवटची दोन पाने ऐका. प्रत्येक ओळीत चूक असेल तर साफसफाई करू नका, स्कॅन पुन्हा करून घ्या. पुन्हा स्कॅनला अर्धा तास लागतो, वाईट ओसीआर सुधारायला आठवडा.

टप्पा ६: मजकूर अभ्यासाजोगा करणे

ओसीआर झाले म्हणजे पुस्तक तयार झाले असे नाही. इथे डोळस साथीदार लागतो आणि त्याला काय तपासायचे ते नेमके सांगावे लागते.

आधी आकडे. १ आणि ९, ५ आणि ६ यांची अदलाबदल होते, आणि इतिहासात सन चुकले की उत्तरच चुकले. मग सारखी दिसणारी अक्षरे: भ-म, घ-ध, ब-व, ष-प, थ-य. 'भाव'चा 'माव' झाला तर कानाला लगेच खटकतो, पण 'भान'चा 'मान' झाला तर वाक्य बरोबरच वाटते. अशा चुका मूळ पान समोर ठेवूनच सापडतात. नुसते ऐकून सगळे पकडू असा भरवसा धरू नका.

लोकसाहित्य किंवा बोलीचा पेपर असेल तर जास्त जपा. अहिराणीतला 'शे' म्हणजे 'आहे', पण दुसऱ्या भागातला साथीदार असेल किंवा स्पेलचेक चालू असेल तर तो 'ये' किंवा 'असे' होऊन बसतो. बोलीच्या उताऱ्यांपुरता स्पेलचेक बंद ठेवा आणि साथीदाराला सांगा, "जसं छापलंय तसंच ठेव, सुधारू नको." कवितेच्या ओळी ओसीआरमध्ये एकमेकींना चिकटतात, तिथे प्रत्येक ओळीनंतर एंटर हवाच.

त्यानंतर वर्डमध्ये:

१. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला 'पान ४५' असे वेगळ्या ओळीत लिहा. संदर्भ देताना हाच आधार.
२. पाठाच्या नावावर कंट्रोल + अल्ट + १, उपशीर्षकावर कंट्रोल + अल्ट + २. अक्षर नुसते ठळक केले तर एनव्हीडीएला ते शीर्षक म्हणून कळत नाही. या कळांनी केले की इन्सर्ट + स्पेस दाबून एच कळीने एकेका शीर्षकावर उडी मारता येते.
३. दर पानावर छापलेले पुस्तकाचे नाव काढून टाका, नाही तर वाक्याच्या मधोमध ते येत राहते.
४. फाईलचे नाव 'अर्थशास्त्र-०३' असे शून्यासह द्या, म्हणजे दहावा पाठ पहिल्याच्या मागे येऊन बसत नाही.

नकाशे आणि आलेख यांना सॉफ्टवेअरचा इलाज अपुरा आहे. मागणी-पुरवठ्याची रेषा कुठून कुठे जाते हे सरांकडूनच चार वाक्यांत लिहून घ्या आणि त्या जागी चिकटवा.

टप्पा ७: मराठी टाईप करणे

वाचनाइतकेच याला महत्त्व आहे, आणि नेमके हेच परीक्षेच्या महिन्यावर ढकलले जाते.

विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कळफलक-मांडणी घ्या. विंडोज + स्पेसने इंग्रजी-मराठी बदलते, बदल एनव्हीडीए सांगते. फोनेटिकमध्ये (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी उमटवणे) पहिला आठवडा सोपा जातो, पण त्यातल्या काही साधनांत सुचवलेल्या शब्दांची यादी उघडते आणि कानाने त्यातून निवड करताना विचाराचा धागा तुटतो. इनस्क्रिप्टमध्ये एक कळ, एक चिन्ह, संपले. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. कळफलकावर ज्या दोन कळांवर बोटाला उंचवटा लागतो, त्यातल्या एफवर ऱ्हस्व वेलांटी आहे आणि जेवर र.

'जळगाव' लिहून बघा: पी, शिफ्ट + एन, आय, ई, बी. ऱ्हस्व वेलांटी इथे व्यंजनानंतर येते, म्हणून 'कि' म्हणजे आधी के, मग एफ. टाईपरायटरच्या मांडणीवर शिकलेल्यांची बोटे इथे उलटी पडतात. जोडाक्षराला मध्ये डी म्हणजे हलन्त: 'पुस्तक' = एच, जी, एम, डी, एल, के.

'दुसऱ्या'सारख्या शब्दांतला ऱ्या शिफ्ट + जे, डी, स्लॅश, ई असा येतो. साध्या जेने लिहिला तर रफार तयार होतो. डोळ्याला ते चुकलेले दिसते, पण आवाजात फरक जवळजवळ कळत नाही, म्हणून ही सवय बोटांनाच लावावी लागते.

दुरुस्तीची युक्ती: कर्सर अक्षराच्या नंतर ठेवून बॅकस्पेस दाबले तर फक्त शेवटचे चिन्ह जाते, वेलांटी गेली तरी क राहतो. अक्षराच्या आधी ठेवून डिलीट दाबले तर अख्खे अक्षर जाते. वेलांटी बदलायची असेल तर बॅकस्पेस.

> तपासा: न थांबता एक पान उत्तर लिहा आणि साथीदाराकडून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजून घ्या. शब्दाच्या शेवटची वेलांटी कानाला फसवते, जास्त चुका तिथेच सापडतील.

टप्पा ८: परीक्षेचा अर्ज आणि आदला दिवस

परीक्षेचा फॉर्म भरतानाच लेखनिक हवा की संगणक, हे कॉलेजला लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी "हो, करू" यावर विसंबू नका. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ब्रेल, संगणक, मोठी अक्षरे किंवा ध्वनिमुद्रण यांतून शक्यतो उमेदवाराने पद्धत निवडावी असे म्हटले होते. त्यांत जादा वेळ होता तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. त्याच सूचनांनुसार स्वतःचा लॅपटॉप चालत नव्हता, पण कळफलकासारखी पूरक साधने नेता येत होती, आणि संगणक एक दिवस आधी तपासू द्यायचा होता. अर्ज करताना विद्यापीठाचे चालू परिपत्रक काढून त्यातल्या शब्दांतच मागणी लिहा.

अर्जात एक ओळ आवर्जून घाला: प्रश्नपत्रिका युनिकोड वर्ड फाईलमध्ये मिळावी. ती जुन्या फॉन्टमध्ये आली तर परीक्षा हॉलमध्ये कन्व्हर्टर शोधत बसायला कुणाला वेळ नसतो. शेवटी कुणीतरी वाचून दाखवते आणि संगणक निवडण्याचा अर्धा उपयोग जातो.

आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन स्वतःच्या हातांनी हे पाहा: एनव्हीडीएत ईस्पीकचा मराठी आवाज लागतो का, कळफलकाच्या यादीत इनस्क्रिप्ट आहे का, वर्डमध्ये ऑटोकरेक्ट बंद आहे का, हेडफोनची पिन बसते का. यूपीएसची भिंतीतली वायर काढून संगणक चालू राहतो का तेही पाहा, कारण लाइट गेली तर जतन न केलेले पान परत येत नाही. सगळे लावून झाले की कंट्रोल + इन्सर्ट + सी ने जतन करा आणि त्या संगणकावर दुसऱ्या कुणाला बसवू नये असे पर्यवेक्षकांना सांगून ठेवा.

पेपरात प्रत्येक प्रश्न नव्या पानावर, कंट्रोल + एंटर. दर परिच्छेदाला कंट्रोल + एस. शेवटची वीस मिनिटे ऐकून तपासायला राखून ठेवा. प्रिंट निघाल्यावर पाने किती आली ते पर्यवेक्षकांकडून मोजून घ्या, तो आकडा फाईलमधल्या पानांशी जुळवा आणि मगच सही करा.